जुन्या संगणकातलं लॉगबुक

बाबा, नव्या संगणकाविषयी माझी एक गंभीर तक्रार आहे, आणि घरात ती ऐकायला कोणी तयार नाही म्हणून तुमच्याकडे आलो. याला डबाच नाही. सगळं यंत्र पातळ पडद्याच्या पाठीत कोंबलेलं आहे. टेबलाखालचा आपला जुना डबा वीस वर्षं घरघरला खरा, पण पौषात पायांवर गरम वारा सोडायचा. संस्कृतचे सहामाही पेपर मी त्याच शेकावर तपासत आलो. आता चरणद्वय निराधार झालं आहे. तुमच्या सुनेने मोज्यांचा जोड समोर ठेवला आणि प्रकरण निकाली काढलं.

नवा घेण्याचं कारण विचारणाऱ्याला मी सांगतो, जुना फार हळू झाला. खरं कारण असं की पुढच्या सोमवारी रायपूरला माझ्या हृदयाचं ऑपरेशन आहे. तुमचं झालं होतं तेच. वारसा म्हणून घराण्यात दुसरं काही नव्हतंच. घराचे कागद, विमा, पोरीची प्रमाणपत्रं, सगळं अशा जागी ठेवायचं होतं की तुमच्या सुनेला ते माझ्याशिवाय सापडावं. तिला अर्थात असं म्हणालो नाही. म्हटलं, जुना आहे, कधीही बंद पडेल. तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "कोन, कम्प्युटर?"

तर आज रविवारी सकाळी दोन्ही यंत्रं शेजारी मांडून पेनड्राइव्हने सामान हलवायला बसलो. जुन्याला दर दहा मिनिटांनी धाप लागत होती. कागदपत्रं झाली, फोटो झाले, आणि तळाशी तुमचं फोल्डर निघालं. नाव लॉगबुक. तुम्ही एका बोटाने टकटक करत बसायचात तेव्हा मी समजत होतो, पत्ते खेळत असाल.

तुम्ही रिटायर झालात त्या महिन्यात हा डबा ऑटोत मांडीवर घेऊन आला होतात. माझ्यासाठी आणला असं वाटून मी नाक मुरडलं, संस्कृत मास्तरला हे कशाला. तुम्ही वायरी सोडवत म्हणालात, "तुह्या ऋषीमुनीले नसन लागत. मले लागते. नोकरी सुटली, आता लॉगबुक कुठी लिहू?" मी हसलो होतो. पोलाद कारखान्यातल्या भट्टीवरची तुमची रीत मला माहीत होती: पाळीत काय झालं ते लिहायचं, खाली पुढच्या पाळीसाठी काय उरलं ते लिहायचं, आणि बदली माणूस समोर उभा राहिल्याशिवाय जागा सोडायची नाही. एकदा तो आलाच नाही आणि तुम्ही चार तास उशिरा घरी आलात. माझ्या वाढदिवसाचा दिवस होता, मी फुरंगटून बसलो होतो. "भट्टीले एकटी टाकून येऊ काय?" एवढंच बोलून तुम्ही गार भात खाल्लात.

घराचं लॉगबुकही तसंच आहे, इंग्रजी अक्षरांत आणि भंडाऱ्याच्या मराठीत. 'पानी साडेपाचले आलं. भेंडी निबर निंगाली. सून सकाळपासून चूप हाय, कारन मालूम नाही. पुढच्या पाळीले: कारन पाहाचं.' हे वाचून तुमची सून पदर तोंडाला लावून हसली. ते कारण तिला अजून पाठ आहे. ते माझ्याबद्दल असल्यामुळे इथे लिहीत नाही.

मग एक फाईल उघडली, ती तुम्ही ऑपरेशनसाठी घर सोडलंत त्या सकाळची. तो दिवस माझ्या डोळ्यांसमोर आहे. मी दारात पिशवी धरून रडवेला उभा आहे आणि तुम्ही चप्पल शोधत मला चिडवता आहात, मेकॅनिक पार्ट बदलून राहिला, मशीन तेच राहीन. फाईलमध्ये मात्र लिहिलंय: 'उद्या आपरेशन. पोराले हासून दाखवाचं. भेव लागून राहिलं. पुढच्या पाळीले: पोराले सांगू नये.'

मग तिनेच पुढची फाईल उघडली. 'घरी आलो. दोन पोया खाल्ल्या. सगळं चालू हाय.' आणि त्यापुढे भेंडी, पाणी, शेजाऱ्यांचं कुत्रं, पोरीचे दात, अशा नऊ वर्षांच्या फायली. त्या नव्या यंत्रात जाईपर्यंत दुपार झाली. जुना डबा पुष्कळ धापला, पण एकही फाईल त्याने मागे ठेवली नाही.

शेवटी तिने सरळ विचारलं, भेव लागते काय. मी देह नश्वर असल्याबद्दल पाच मिनिटं बोललो, दोन श्लोकांसह. तिने ऐकून घेतलं आणि चहा ठेवायला गेली.

हे पत्र तुमच्याच फोल्डरमध्ये ठेवतो आहे, तुम्ही गेल्यापासून दुसरा पत्ता माझ्याकडे नाही. डॉक्टरांना काळजी वाटत नाही, आणि तुमच्या नऊ वर्षांकडे पाहून दिवसाचा बराच वेळ मलाही वाटत नाही. ती चहा घेऊन आली की, तुमची मनाई मोडून, तिला सांगणार आहे. आधी इथे लिहून पाहतो. बाबा, मले भेव लागून राहिलं.