अकोल्याच्या घरासाठी चोवीस कप

मंगळ. २ डिसें.
दिवाळीत अकोल्याला पाठवलेला कुकर खरा केवढ्याला पडला, ते आज मांडलं. कुकर आपल्याच दुकानातला, तो सोडा. पार्सल सोडवायला मीनूची अर्धी रजा गेली. घरात दोन कुकर आधीच, म्हणून तिसऱ्यासाठी तिच्या सासूबाईंचा पिठाचा डबा माळ्यावर. (हे तिच्या आईकडून, शोभाकडून कळलं.) आणि पोरीला एक खोटं बोलावं लागलं : "छान आहे, बाबा." 'छान'च्या आधी ती किंचित थांबली. मी ऐकलं. महाग पडला कुकर.

आज अकराच्या फोनवर म्हणाली, "बाबा, नाताळला याल? आईला घेऊन." मी म्हटलं, दुकान पाहून सांगतो. दुकानाला काय धाड भरली आहे.

लग्नाला दीड वर्ष झालं. रजिस्टर लग्न, मुलगा ख्रिस्ती, मी गेलो नाही. अमरावतीतल्या निम्म्या लग्नांचं आंदण माझ्या दुकानातून जातं आणि पोटच्या पोरीला मी एक वाटी दिली नाही. तेव्हा या वेळी हात रिकामा नको. चुकीचाही नको.

शुक्र. ५
जायचं ठरलं. शोभानं ऐकलं आणि नुसतं "बरं" म्हणाली. त्या 'बरं'वर मात्र दुपारी शिरा झाला.

भेट काय, ते मला कोणी सांगायला नको. पंधरा वर्षं दुसऱ्याच्या दुकानाच्या पायरीवर मशीन घेऊन भांड्यांवर नावं घातली. मान खाली, कान वर. कोण कोणाला काय देतंय, कोण कुरकुरतंय, सगळं कानावर पडायचं. त्या कानांवर पुढं दुकान उभं केलं. भांडं टिचकीवर ओळखतो आणि माणूस 'हॅलो'वर.

मीनूचा फोन रोज अकराला. दवाखान्यात तपासणीच्या खोलीत नोकरी, ड्यूटी दुपारची. लग्न झालं तेव्हा तसं सांगितलं होतं. म्हणजे अकराला घरी निवांत. मागचे आवाज मी नीट ऐकतो. कप जाड, दोन-तीन कानतुटके, बशीत डुगडुगतात. ताटं पातळ स्टीलची. नळ सारखा चालू, म्हणजे कप कमी, एक विसळला की दुसऱ्याला. आणि माणसं पंधरा-वीस तरी. ती सांगते, घरात नवरा, सासू आणि ती, तिघंच. पण विहीणबाई निवृत्त शिक्षिका, चर्चच्या मंडळात. पाहुणेरावळे असणारच.

शोभाला म्हटलं, न जाता डोळे मिटून यादी करून देतो. त्या घरातलं मला माहीत नाही असं काही उरलेलं नाही.
ती डाळ निवडत होती. "हो का?" म्हणाली. मान वर केली नाही.

रवि. ७
फोन नाही. रविवारी नसतोच. चर्च असतं.

मंगळ. ९
थोरात मॅडम आल्या, कढई बदलून घ्यायला. जुनं गिऱ्हाईक, स्वतः ख्रिस्ती. त्यांनाच विचारलं, नाताळला देतात काय? म्हणाल्या, करंज्या, चिवडा, केक घरोघर जातोच. भेट मात्र माणूस पाहून. "आहेरासारखी उतरंड लावू नका. ज्याला द्यायची त्याचा विचार केलाय, एवढं दिसलं की पुरे."
मी म्हटलं, चांदीचा ग्लास, वर आमचं नाव, तारीख, 'सप्रेम भेट'...
"तुमचं नाव कशाला? तुम्ही दिलंय हे ते विसरणार आहेत का?"
 इतकी वर्षं दुसऱ्यांची नावं घालून पोट भरलं, हा प्रश्न कधी सुचला नाही.
चांदी रद्द.

शनि. १३
घरासाठी ठरलं : चहाचे कप. चोवीस. पांढरे, पातळ, काठाला करड्या रंगाची एकच रेघ. फुलं नाहीत, सोनेरी तर नाहीच. गोदामातून साठ काढले, एकेकाला टिचकी मारत बसलो. एका सुरात बोलणारे चोवीस निघाले, बाकी परत खोक्यात.
शोभा म्हणे, "चोवीस कावून? सहा घ्या ना."
"घर भरलेलं हाये त्याइचं. मी रोज ऐकतो."
"तुमीच ऐकता बाप्पा. आमाले कुठचे कान."

विहीणबाईंसाठी शाल तिनं निवडली. मी जांभळी उचलली होती. ती म्हणाली, शिक्षिका आहेत त्या, मंत्री नाहीत. राखाडी घेतली. तिचं बरोबर होतं.

राहिला जावई. विनय. काय द्यावं, काही सुचत नाही. त्याच्याशी मी एक शब्द बोललेलो नाही. कॉलेजात ग्रंथपाल आहे, एवढं माहीत. आपल्यात टॉवेल-टोपी देऊन मोकळं होता येतं. तिथं तेही नाही.

मंगळ. १६
परतवाड्याला गेलो, एका लग्नाची भांडी पोचवायला. सकाळी फोनवर मीनूला सहज विचारल्यासारखं केलं, तुमच्याकडे चहा किती लागतो? म्हणे, "विनय चहा घेत नाही, बाबा. कॉफी. तीही काळी." म्हणजे मी चोवीस कप चहाचे घेतले आणि घरधनी चहाच पीत नाही. असो. घर भरलेलं आहे, बाकीचे पितील.

पण कॉफीवरून एक धागा सापडला. चिखलदऱ्याहून उतरणाऱ्या जीपवाल्याला गाठलं. म्हटलं, तिथली कॉफी आण, दळलेली नको, अख्ख्या बिया. तो म्हणे, "कोणाले पायजे, भाऊ?"
"जावयाले."
हा शब्द तोंडातून पहिल्यांदाच बाहेर पडला. जीपवाल्याला काय त्याचं. तो माणसं भरून राहिला होता.

शनि. २०
कॉफी आली. पुडा फोडला तर दुकानभर वास. प्लास्टिकच्या पिशवीत कशी देणार? पितळी डबा काढला, फिरकीच्या झाकणाचा, बेताचा. घासला. मग माळ्यावरून मशीन उतरवलं. बारा वर्षं हात लावला नव्हता. वायर बदलली, सुई घासली. आधी जुन्या ताटलीवर हात बसवला. चार अक्षरं थरथरली, पाचवं सरळ आलं.
डब्यावर तीनच अक्षरं घातली : विनय. तारीख नाही, आपलं नाव नाही.
हे नाव मी पहिल्यांदाच लिहिलं. पायरीवर बसून हजारो जावयांची नावं घातली असतील. एवढा वेळ कुठल्याच नावाला लागला नव्हता.
शोभा येऊन पाहून गेली. पदर डोळ्याला.

मंगळ. २३
कप कडब्यात नव्हे, कागदाच्या भुशात बांधले. शोभाच्या करंज्या झाल्या. मी म्हटलं, त्या लोकांकडे असतातच. "असू द्या. माझ्या हातच्या नसतीन."

शुक्र. २६, सकाळ
काल जाऊन आलो. क्रमानं लिहितो.

घर जुन्या शहरात, मोर्णा नदीपलीकडे. दारावर कागदी चांदणी. तीन खोल्या, आणि शांतता इतकी की भिंतीवरचं घड्याळ ऐकू येत होतं. घरात माणसं तीन. आम्ही धरून पाच.

विहीणबाईंनी स्वतः चहा आणला. चार कप, सगळे धड, एकाचाही कान तुटलेला नाही. मग माझं खोकं उघडलं. एकेक कप टेबलावर येत गेला, टेबल भरलं, मग खिडकीची कड भरली. विहीणबाई म्हणाल्या, "भाऊ, कप फार सुंदर आहेत. पण चोवीस माणसं या घरात उभी तरी राहतील का?" सगळे हसले. मीही. शाल त्यांनी तिथंच खांद्यावर घेतली.

विनयनं डबा उघडला नाही. आधी अक्षरांवरून अंगठा फिरवला. "कोणी घातलं?"
मीनू म्हणाली, "बाबांनीच. दुसरं कोण."
तो आत गेला आणि कॉफी करून आणली. खलबत्त्यात कुटावी लागली, घरात दळायला काही नव्हतं. कडू होती. प्यायलो. दोघंही एका बाकावर बसून होतो.

मग मीच विचारलं. "रोज अकराला एवढा गलका असतो, आज मंडळी कुठं गेली?"
मीनू शोभाकडे पाहायला लागली. शोभा करंज्यांकडे.
विहीणबाई शिक्षिकाच. सरळ बोलल्या. "भाऊ, तिची ड्यूटी केव्हाची सकाळची झाली. ती दवाखान्याच्या कॅन्टीनमधून बोलते तुमाशी. पहिले घरूनच करत होती. मागं विनयचा आवाज आला की तुमी फोन ठेवून देत होते."

खरं आहे. ठेवत होतो. पहिले दोन-तीन महिने.

येताना गाडीत शोभाला म्हटलं, "तुले माहीत होतं?"
"हो."
"मंग सांगितलं कावून नाई?"
"तुमी विचारलं कदी? तुमी तं सांगूनच राहिले होते."


शनि. २७
काल अकराला मीनूचा फोन आला. मागे तोच नळ, तीच ताटं. "कप धुऊन कपाटात लावले, बाबा," म्हणाली. मी विचारलं, विनय कसा आहे? म्हणाली, बरा आहे. तेवढ्यात कोणीतरी तिला हाक मारली.

आज पावणेअकरा झाले आहेत. दुकानात गिऱ्हाईक नाही. मनात आलं, आज तिचा फोन यायच्या आधी आपणच करावा, पण तिला नको, त्याला. कॉफी संपत आली का विचारावं, एवढंच. फोन हातात घेतला.
विनयचा नंबर माझ्याकडे नाही.