गीताच्या नावापुढचे दोन शब्द

मी चतुराबाई, कालकथित भगवंत सोनकांबळे यांची बायको, वय अठ्ठेचाळीस, राहणार नल्लकुंटा, हैदराबाद. छातीचं दुखणं आहे, डोकं शाबूत आहे. कोणी धाक घातलेला नाही, घालून बघावा. मी दुसरीपर्यंत शिकले, म्हणून मी सांगते नि एकनाथराव मास्तर लिहितात. त्यांनी माझे शब्द सुधारायचे नाहीत, असं ठरलंय.

१. कोपऱ्यावरचं एसटीडीचं दुकान, आतला फोन नि बिलाचं मशीन माझ्या मालकीचं. नवऱ्याचा कारखाना बंद पडला तेव्हा पाटल्या मोडून घेतलं. हे सगळं माझ्यामागं थोरली मुलगी गीता उर्फ मुकी, वय एकोणीस, हिचं एकटीचं.

"उर्फ मुकी" हे माझे दीर दौलत यांनी लिहायला लावलं. सहा वर्षांची असताना पाहुण्यांपुढं तिनं गाणं म्हटलं नाही, तेव्हा हे नाव त्यांनीच पाडलं. आता सारी गल्ली तेच म्हणते. "ओळखीला लागतं वहिनी, नाहीतर कोर्टात परेशानी," म्हणाले. "आणि मुकी पोरगी फोनचा धंदा करणार? दुकान माझ्याकडं द्या, तिला उजवून टाकू."

नक्को. शेजारच्या सुशीलाबाईंना ऐकू कमी येतं, त्यांच्या लेकाशी परभणीला गीताच बोलते. लाइन खराब असली की तिचं "हलो, परभणी!" पार भाजीवाल्यापर्यंत जातं. दुसऱ्यासाठी ओरडते, स्वतःसाठी तोंड उघडत नाही. मला घोर तेवढाच.

ते दोन शब्द मी खोडणार नाही. हा कागद सगळ्यांपुढं गीता वाचेल. खटकलं तर तिनं बोलावं. नाही बोलली तर शब्द राहतील, आणि उद्या जो तो येऊन तिच्या दुकानात बसेल.

२. राहती खोली गीता नि धाकटी तारामती, वय अकरा, दोघींची. धाकटीला गीतानं सांभाळावं. माझी बोरमाळ मोडून तिला सायकल घ्यावी. पडली तर लगेच उचलायला धावू नये. टीव्हीत दाखवतात ती गोरं व्हायची क्रीम घरात आणू नये. "रंग जरा उजळ असता तर" असं जी म्हणेल, तिला चहा देऊ नये.

३. दौलतभावजींना काही नाही. ज्याला वाटा मिळतो त्याची साक्ष चालत नाही, म्हणूनच ते साक्षीदार चालतात, असं मास्तर म्हणाले.

४. रडायचं ते घरात. दुकान तिसऱ्या दिवशी उघडावं. लोकांना गावी फोन करायचे असतात.

नोंद: वरचा कागद आज गीतानं वाचला. शाळा तेलुगूत झाली, म्हणून अडखळत वाचला. पहिल्याच कलमात थांबली. भावजी म्हणाले, "वाच की गं मुके." गीतानं त्या शब्दांवर बोट ठेवलं. मग म्हणाली, "काका, माझं नाव गीता आहे. मास्तर, हे दोन शब्द खोडा." मास्तरांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, तिला विचारा.

शब्द खोडले. पुढचं तिनं शेवटापर्यंत वाचलं, मला समजलं, कबूल आहे. खोडलेल्या जागी साक्षीदारांची सही लागते, तीही घेतली.

सही: चतुराबाई भगवंत सोनकांबळे
लिहिणार: एकनाथराव मास्तर
नल्लकुंटा, हैदराबाद, १४ जुलै १९९६
साक्षीदार:
सुशीलाबाई, शेजारीण (अंगठा, दोन ठिकाणी)
दौलत सोनकांबळे, गीताचे काका (सही, दोन ठिकाणी)