रकाना क्रमांक सदतीस

४ सप्टेंबर, गुरुवार

अर्ज परत! सतराच्या सतरा! का? तर ग्राहकाची सही निळ्या शाईत आणि आमचा शिक्का काळ्या शाईत. "दोन्ही एकाच रंगात लागतात," खिडकीवाली म्हणाली. कुठे लिहिलंय तसं? "लिहिलेलं नाही. पण लागतात."

म्हणे विजेचा बाजार खुला झाला. नऊ महिने झाले. कायदा सांगतो, ज्याला ज्या कंपनीकडून हवी त्यानं तिच्याकडून वीज घ्यावी. म्हणून तर आमची कंपनी परदेशातून इथे आली, पैसे ओतले, मला पाठवलं. पण तारा जुन्या सरकारी कंपनीच्या, मीटर त्यांचे, आणि त्यांचा ग्राहक आमच्याकडे यायचा तर अर्जही त्यांच्याच खिडकीवर द्यायचा! शर्यतीत उतरायचं आणि बूट मागायचे प्रतिस्पर्ध्याकडे!

अर्जात एकेचाळीस रकाने. आज वैतागून सगळे वाचले. सदतिसावा – 'पुरवठादार ग्राहक नाकारत असल्यास कारण.' कोण गाढव ग्राहक नाकारेल? इथे एकेका सहीसाठी जिने चढून माझे गुडघे गेलेत.

आजअखेर ९१२ ग्राहक. तीस तारखेला दुपारी बारापर्यंत हजार नोंदले गेले तर मी घरी. नाहीतर आणखी एक वर्ष इथेच. मोठ्या साहेबांनी लेखी दिलंय.

८ सप्टेंबर

लाँड्रीवाल्याकडे पाऊण तास. इस्त्री थांबवून त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग – "तार तीच?" तीच. "मीटर तोच?" तोच. "दिवे गेले तर येणारा वायरमनही तोच?" हो, तोच. "मग तुमचं काय येणार?"

"बिल," मी म्हणालो.

तो इतका हसला की शर्ट जळायची वेळ आली. सही मात्र केली. काळ्या शाईत!

११ सप्टेंबर

लेकीचा फोन. "बाबा, तू आता फोनमध्येच राहतोस का?" हसण्यावारी नेलं. मग हिनं फोन घेतला. तीस तारखेला नक्की सुटतो, असं जोरजोरात सांगत बसलो. लाइन खराब असली की मी ओरडतो, सवय आहे. अख्ख्या जिन्याला ऐकू गेलं असणार.

१५ सप्टेंबर

९५३. आज घरमालकीण काकूंकडे तिसऱ्यांदा वर जाऊन आलो. गंमत म्हणजे माझी खोली त्यांच्याच मीटरवर आहे. म्हणजे जुन्या कंपनीविरुद्ध मी रोज संध्याकाळी जुन्या कंपनीच्याच उजेडात बसून तक्ते करतो. मोठ्या साहेबांना हे सांगितलेलं नाही.

काकूंचं एकच पालुपद. "आमचं नको हो, पाहुणे. यांचं मशीन आहे ना." काका पलंगावर, नाकाला नळी, शेजारी ऑक्सिजनचं मशीन दिवसभर घुरघुरतंय. मी दरांचा रंगीत तक्ता पुढे करून समजावलं – वीज तीच, दाब तोच, मशीनला कळणारसुद्धा नाही. नीट ऐकलं त्यांनी. मग म्हणाल्या, "पण फोन कोण करणार?"

मी उत्साहानं आमचं कार्ड काढलं. चोवीस तास फोन, काकू! कधीही करा! रविवारी करा!

"मी नव्हे हो..." म्हणाल्या. काकांची उशी सारखी करायला लागल्या. डोकं आपटावंसं वाटलं. अडाणीपणाला काही औषध नाही.

१९ सप्टेंबर

९७१. खिडकी बंद. कारण – 'यंत्रणेचे अद्ययावतीकरण'. डोकावून पाहिलं. आत खिडकीवाली नवीन पडदे लावत होती.

२३ सप्टेंबर

९८८. सलूनवाला म्हणतो, आधी शेजारचा बदलू दे. शेजारचा म्हणतो, आधी सलूनवाला. दोघांना एकाच खुर्चीत बसवून सही घ्यायला हवी!

मोठ्या साहेबांचा फोन – "तिथले लोक स्वस्त वीज का घेत नाहीत?" मी म्हणालो, साहेब, या आणि विचारा. हे मनातल्या मनात म्हणालो.

२६ सप्टेंबर

९९६. नाकी नऊ आलेत. चार सह्या. चार! अर्जाआधी ग्राहकानं स्वतः खिडकीवर जाऊन मागची बाकी नसल्याचा दाखला आणायचा, तो मिळायला कामाचे दोन दिवस. आज ज्यांनी दाखला मागितला असेल तेच वेळेत पोचणार. तिघांनी मागितलाय. चौथा कोण?

दुपारी खोलीवर येऊन हिच्याशी फोनवर बोललो. एक सही कमी पडतेय गं, एका सहीसाठी वर्ष जाणार, असं बरंच काही बोललो. आवाज चढला होताच. नंतर रडलो थोडा. इथे लिहायला काय लाज.

२८ सप्टेंबर, रविवार

काकूंनी सही केली!!!

सकाळी स्वतः खाली आल्या. हातात अर्ज, पूर्ण भरलेला. सोबत दाखल्याची पावती. शुक्रवारीच मागून ठेवलाय, उद्या सकाळी मिळेल. काळी शाई! "हे घ्या पाहुणे. झालं का समाधान?" मी विचारलं, कशानं पटलं शेवटी? "तुमचा तो तक्ता," म्हणाल्या.

म्हणजे माझा रंगीत तक्ता चालतो! सगळे हसले होते त्याला. हे साहेबांना कळवलंच पाहिजे. लेकीला फोन केला. ती किंचाळली. दोन मोठ्या बॅगा पलंगाखालून काढल्या.

२९ सप्टेंबर

चारही अर्ज नोंदवले. एक हजार. खिडकीवालीनं खणातून एक लाल वही काढली, पट्टी धरून एका नावावर रेघ मारली आणि पुन्हा खणात ठेवली.

हे काय? मी उगाच विचारलं. जिंकलेल्या माणसाचा खवचटपणा.

"घरी मशीन असलेल्यांची यादी," ती म्हणाली. "दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवायची असली की आदल्या दिवशी मी फोन करते. म्हणजे मग ते जादा सिलिंडर भरून आणतात. एक सिलिंडर तीन तास पुरतो, आम्ही वीज बंद ठेवतो सहा तास. आता तुमच्या घरमालकीणबाई तुमच्या ग्राहक. आता फोन तुम्ही करायचा."

आम्ही?

"तुमच्याकडे असेल ना वही."

मी म्हणालो, काकूंना हे माहीत नसणार. तिनं पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. "मी सांगितलं की शुक्रवारी, दाखल्याला आल्या तेव्हा. म्हटलं, बाई, यादीतून नाव जाईल. तर म्हणाल्या, जाऊ दे. खालच्या पाहुण्यांची पोरगी वाट बघतेय. एका सहीसाठी रडत होते बिचारे."

तक्ता!

बाहेर येऊन तिथल्याच पायरीवर बसलो आणि साहेबांना फोन लावला. अशी यादी आपल्याकडे आहे का? नाही. करता येईल का? "चांगली सूचना आहे, पुढच्या टप्प्यात घेऊ, मेल टाक." मधल्या काळात फोन कोण करणार? "ग्राहक आपल्याला करू शकतात ना, चोवीस तास." माझंच वाक्य. माझ्याच आवाजात ऐकल्यासारखं वाटलं आणि स्वतःची इतकी चीड आली की फोन ठेवून दिला. मग हजार झाल्याबद्दल साहेबांचं अभिनंदनही आलं, मेसेजवर.

खिडकीशी परत गेलो. तुम्हीच करत राहाल का फोन? "मला दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाला फोन करायची परवानगी नाही. करीनही एखादा, पण माझी बदली झाली की?" खरं आहे. काकूंच्या जागी दुसऱ्या कोणाचा अर्ज आता आणणार तरी कुठून, दाखल्यालाच दोन दिवस.

संध्याकाळी वर गेलो. बोलायचं ठरवून गेलो होतो. काकांचा डोळा लागलेला, मशीन चालू. काकू बसा म्हणाल्या. "बॅगा भरून झाल्या का?" त्यांनीच विचारलं. म्हटलं, होताहेत. "लेकीला काहीतरी घेऊन जा हो. रिकाम्या हातानं जाऊ नका."

खाली येऊन बॅगांकडे बघत बसलो. या बाईला मी या वहीत अडाणी लिहिलंय. पान फाडणार होतो. नाही फाडलं.

३० सप्टेंबर

पावणेबाराला खिडकीवर. काकूंचा अर्ज मागून घेतला, सदतिसावा रकाना भरला. कारण – 'आमच्याकडे वही नाही.'

तिनं वाचलं, शिक्का मारला, लाल वही काढली आणि नाव पुन्हा लिहिलं. ९९९. लेकीला अजून फोन केलेला नाही.