खिडकीतला हात

७ नोव्हेंबर १९९४
आज रुजू झालो. इंदापूरकडचा हा साखर कारखाना पहिल्याच दिवशी आवडला, हे लिहून ठेवतो. तक्रारी पुढे लिहीनच. क्वार्टरला दोन खोल्या, दारात कडुलिंब, नळाला पाणी. मुलगी दिशा खूश आहे. कारखान्याची बस तिला थेट बारामतीला कॉलेजपाशी सोडते. माझं काम हंगामाच्या ड्रायव्हरांना तपासून फिटनेस सर्टिफिकेट देणं. दवाखाना म्हणजे वजनकाट्याशेजारची खोली. पूर्वी इथून उसाच्या चिठ्ठ्या वाटत. आधीचे डॉक्टर म्हणे चिठ्ठ्यांच्या खिडकीतूनच ब्लडप्रेशर घेत. ड्रायव्हरनं बाहेरून हात आत घालायचा, नाव सांगायचं. चेहरा बघायचं कारण नाही. गुरांचा डॉक्टरसुद्धा बैलाच्या तोंडाकडे बघतो. मी हे चालू देणार नाही.

९ नोव्हेंबर
चालू दिलं. आत घेतले की तंबाखूचा वास, चिखल, आणि प्रत्येकाची कहाणी. कारकून सोमनाथ म्हणाला, खिडकीतून लवकर उरकतं. मी सोय निवडली आणि तिला शिस्त असं नाव दिलं. पण हात खरा, पारा खरा. दिसेल तेच लिहायचं, न मोजलेला आकडा लिहायचा नाही, हा नियम तरी पाळतोय. सगळे एकशेवीस-ऐंशी. दारू आणि जागरणावर जगणारी ही माणसं, आणि प्रेशर साधूचं.

१४ नोव्हेंबर
साधू सापडला. मनगटावर भाजल्याचा डाग असलेला हात आज वेगळ्या नावानं पुन्हा आत आला. बाहेर जाऊन पाहिलं. खिडकीशी गेटवरचा वॉचमन गेणबा, मागे बिड्या ओढत ड्रायव्हर. सगळ्यांच्या नावानं म्हातारा आपलाच हात देतो, तोही फुकट. मी झापलं तर शांतपणे म्हणाला, “माझं परेशर देवानं बरं ठिवलंय, डाक्टरसायब. चार पोरांच्या उपेगी पडलं तर तुमचं काय जातंय?” मागून कुणीतरी म्हणालं, आबांचा हात म्हंजी गावची टाकी हाय, कुणीबी भरून न्यावं. सगळे हसले. मूर्ख लोक.
सर्टिफिकेटं रद्द करा म्हणून मॅनेजरकडे गेलो. त्यांनी विचारलं, ऊस काय पायी येणार आहे? मी सर्टिफिकेटं तशीच ठेवून परत आलो. माझी बाणेदारपणाची व्याख्या मॅनेजरच्या दारापर्यंतच टिकते.
फक्त कॉलेजच्या बसवरच्या जयवंताला आत बसवून तपासलं. दोनशेवीस-एकशेतीस. कानात शिट्टी वाजते म्हणतो. अनफिट लिहिलं, गोळ्या दिल्या, बसवर बदली ड्रायव्हर घ्यायला लावला. माझी मुलगी बसते ना त्यात. बाकीच्यांच्या मुली रस्त्यावर नसतात का?

१८ नोव्हेंबर
गेणबा गेला. गेटात ट्रॅक्टर मागं घेताना ड्रायव्हरला भोवळ आली, म्हातारा ट्रॉलीखाली सापडला. ड्रायव्हर त्याच्याच हातावर पास झालेला. सही माझी.
मातीला सगळे ड्रायव्हर रडले. परतताना सोमनाथला विचारत होते, आता परेशरला हात कुणाचा.
मी खिडकीला आतून कडी घातली.

२१ नोव्हेंबर
दुपारी जेवून आलो तर खिडकी उघडी. आत हात. डाग असलेला. बाहेरून एका ड्रायव्हरचं नाव आलं, युवराज. सवयीनं पट्टा बांधला. हात थंड. कानातल्या नळीत ठोका नाही, तरी पारा एकशेवीसवर थबकला, मग ऐंशीवर. बाहेर धावलो. ऊन आणि पाचट, बाकी कुणी नाही.
भीतीआधी संताप आला. मेल्यावरही हा माणूस खोटं बोलतो.

२३ नोव्हेंबर
आता प्रत्येकाला आत बसवतो. समोर युवराज, चेहरा युवराजचा, घाम युवराजचा. बाही वर केली की डाग. त्याला दिसत नाही. पास झालो एवढंच दिसतं. त्याच्यामागचा तसाच. त्याच्यामागचाही.

२५ नोव्हेंबर
जयवंता आला. बस परत पाहिजे. डोळे लाल, जीभ जड, शिट्टी अजून वाजते. हात गेणबाचा. एकशेवीस-ऐंशी. पुन्हा घेतलं. तेच.
अनफिट लिहायचं तर कोणत्या आकड्यावर? न मोजलेला मी लिहीत नाही. हा नियम म्हणजे सगळं विकून झाल्यावर घरात उरलेलं एकच भांडं, तेवढं मात्र घासून चकचकीत.
फिट लिहिलं.
दिशाला सांगितलं, उद्या एसटीनं जा. ती हसली — बाबा, तुम्हीच तर पास केलंय त्याला.

२६ नोव्हेंबर
बस काट्यापाशी. दिशा चढली. जयवंता कपाळ दाबत चढला. मी खिडकीतून हात बाहेर काढला, थांब म्हणायला —

कुणीतरी धरला. सुटत नाही. ओरडलो, काट्याच्या आवाजात कुणाला — डाव्या हातानं लिहितोय.

पट्टा बांधतंय.

म्हाताऱ्याचा आवाज, शांत. नाव विचारतोय.

इंजिन सुरू झालं —

माझं प्रेशर आता फुटेल इतकं — हा हात जयवंताचा म्हणून दिला तर तो अनफिट — बस थांबेल —

खोटं बोललो. जयवंता म्हणालो.

फुगा दाबतोय — पारा बाहेर, मला दिसत नाही — देवा, जास्त येऊ दे —

आकडा सांगतोय. एकशेवी—