कुंकवाचा लेयर

आई, आज गुरुवार. दुरुस्तीच्या नावाखाली सकाळपासून लाईट गेली आहे, मशीन गप्प आहे आणि गिऱ्हाईकही फिरकत नाही, म्हणून ऑर्डरच्या वहीची मागची कोरी पानं काढून तुला लिहायला बसले आहे. तुला वाचता येत नव्हतं हे मी विसरलेले नाही. मी तुला पेपर वाचून दाखवायचे तेव्हा तू मध्येच अडवायचीस, "तुज्या मनाचं घालू नगं, लिवलंय तेवढंच वाच." आजही तेवढंच वाचते आहे असं समज. तू गेलीस तेव्हा मी हिंजवडीशेजारच्या माणला दुसऱ्याच्या फ्लेक्सच्या दुकानात नोकरीला होते. आता त्याच रस्त्याला माझं स्वतःचं दुकान आहे. वाढदिवस, लग्न, निवडून आलेल्यांचं अभिनंदन आणि मेलेल्यांना श्रद्धांजली, सगळे बोर्ड मी करते. परवा एक मुलगी तिच्या आईच्या दहाव्याच्या बोर्डासाठी फोटो घेऊन आली. बरोबर तिचे मामा होते. आई विधवा होती, पण फोटोत कपाळावर ठसठशीत लाल टिकली. मी सवयीने विचारलं, "टिकली काढायची ना?" ती माझ्याकडे बघतच राहिली. "का? आईला आवडायची." मामा मोबाईलमध्ये डोकं घालून बसले होते, त्यांनी मानसुद्धा वर केली नाही. मी बोर्ड तसाच छापून दिला, आणि तेव्हापासून घास गोड लागत नाही.

सुरुवातीपासून सांगते, कारण यातलं अर्धंच तुला माहीत आहे. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि तू त्याच कॉलेजच्या होस्टेलच्या मेसमध्ये चपात्या लाटत होतीस. सकाळी आपल्या गावातून, रिह्यातून, आपण एकाच एसटीने यायचो, तू मागच्या दाराने स्वयंपाकघरात आणि मी पुढच्या दाराने वर्गात. त्या वर्षी कॉलेजने फोटो एडिटिंगचा कोर्स काढला. आठ कॉम्प्युटर, सोळा पोरं. मागे भलंमोठं पोट सुटलेले ते जुने मॉनिटर, त्यांच्यावर फुलाफुलांची कापडी झाकणं. लॅबच्या बाहेर चपला काढायच्या, देवळात काढतात तशा. सगळ्या कॉलेजात एसी तेवढाच, त्यामुळे त्या वर्गाला कुणी दांडी मारत नसे. शिकवणारे सर नांदेडकडचे. हिंजवडीत नोकरीला होते आणि शनिवारी आमच्याकडे यायचे. वयाने आमच्याहून फार मोठे नव्हते. आमच्या मागे उभे राहून हळूच विचारायचे, "काय करायलीस?" त्यांच्या त्या 'करायलीस'ला आम्ही पहिला महिनाभर हसत होतो आणि नंतर आम्हीच तसं बोलायला लागलो.

पहिले काही शनिवार फोटो कापणं, उजळ करणं, आडवा झालेला उभा करणं, एवढंच चाललं होतं. मी एका मैत्रिणीचं डोकं वाघाच्या धडावर बसवलं आणि माझी मलाच शाबासकी दिली. मग एके दिवशी सरांनी पुस्तकाला घालायचं पारदर्शक कव्हर आणलं. स्वतःच्या फोटोवर ते ठेवलं, त्यावर स्केचपेनने झुपकेदार मिशा काढल्या आणि कव्हर उचललं. खालचा फोटो जसाच्या तसा. "याला लेयर म्हणायचं. जे काय करायचं ते वरच्या कागदावर. मूळ फोटोला हात लावायचा नाही," ते म्हणाले. पडद्यावर प्रत्येक लेयरच्या शेजारी एक बारीक डोळा असतो. त्यावर टिचकी मारली की डोळा जातो आणि लेयर दिसेनासा होतो. पुन्हा मारली की परत येतो. गेला असं वाटतं, पण तो असतोच. मला ते इतकं आवडलं की घरी येऊन मी तुला ताटावर परात ठेवून समजावलं होतं. तू म्हणालीस, "परात काडून दे, मला पीठ मळायचंय."

मग सरांनी काम दिलं, घरातला एखादा जुना फोटो आणा आणि नीट करून दाखवा. मी तुला सांगितलं. तिसऱ्या दिवशी काका शेतावर गेलेले बघून ट्रंक उघडलीस आणि दादांचा कंपनीचा गेटपास काढलास. मी दोन वर्षांची असताना कावीळ होऊन गेलेल्या माझ्या बापाचा तेवढाच फोटो घरात होता. नखाएवढा, आणि त्यातही मानेवर आणि गालावर कंपनीच्या जांभळ्या शिक्क्याचा अर्धा गोल. लग्नातले फोटो का नाहीत ते तू मला किती वेळा हसत हसत सांगितलं होतंस. फोटोवाला दिवसभर उड्या मारत होता, सगळ्यांना "हसा, हसा" म्हणत होता, आणि रोल आत फिरलाच नव्हता. सगळं लग्न कोरं निघालं. त्या दिवशी मात्र तू हसली नाहीस. गेटपास माझ्या हातात देऊन म्हणालीस, "ह्यास्नी मोटं कर. आन् जमलं तर मला शेजारी हुबं कर. येक तरी आसावा दोगांचा."

आई, तू आयुष्यात माझ्याकडे मागितलेली ती एकच गोष्ट. मी चार शनिवार त्यावर घालवले. शेजारची चांगली कातडी उचलून शिक्क्यावर ठेवायची, पुन्हा उचलायची, पुन्हा ठेवायची. दादांचा गाल मी असा वितीवितीने, नव्हे कणाकणाने साफ केला. तोवर मला त्यांचा चेहरा नीट माहीतच नव्हता. माझी डावी भुवई त्यांची आहे हे मला कॉम्प्युटरवर कळलं. तुझा फोटो सरांच्या कॅमेऱ्यावर मेसच्या दारात काढला होता, हिरव्या लुगड्यातला. तुला कापून दादांच्या शेजारी आणलं, दोघांच्या मागे निळं आभाळ घातलं, सावल्या एका बाजूला केल्या. सरांनी पाठ थोपटली. साध्या कागदावर प्रिंट काढून मी धावतच मेसमध्ये आले.

तू हात पदराला पुसलेस आणि कागद उजेडाकडे धरलास. आधी तुला हसू आलं. "आगं, हे तर माजं ल्योक दिसत्यात." खरंच होतं. दादा सव्वीसचे आणि तू चाळिशी ओलांडलेली. मी म्हटलं, त्यांचे केस पांढरे करता येतील, सरांना विचारते. तू म्हणालीस, "ऱ्हाऊ दे. त्ये ऱ्हायले तितंच. मी कशी ऱ्हानार? तू व्हतीस." मग तुझं हसू गेलं. तू कागद माझ्यासमोर ठेवून बोट आपटलंस. "हे हितं शेजारी हुबे हायेत, आन् माजं कपाळ मोकळं? आसं कुटं आसतं व्हय? येवडी शिकलीस आन् येवडं बी कळंना तुला?" इतकं बोलून तू पोळपाटाकडे वळलीस आणि पुढची चपाती अशी काही लाटलीस की ती फाटली.

मी तिथेच उभी. मला खरंच सुचलं नव्हतं, आई. गालावरचा शिक्का मला दिसला, सावली कुठल्या बाजूची ते दिसलं, पण तुझं कपाळ दिसलं नाही. जन्मल्यापासून तू मला तशीच माहीत होतीस, भुवयांच्या मधे एक हिरवं गोंदण आणि वर काही नाही. दुसऱ्या कुणाच्या आईचा फोटो असता तर मला लगेच खटकलं असतं. मी म्हटलं, शनिवारी लावते कुंकू. तू मान न वळवता म्हणालीस, "तू नगं. मी लावीन."

तो शनिवार मी कधी विसरणार नाही. पोरं गेल्यावर सर मुद्दाम थांबले होते. तू नळावर पाय धुऊन आत आलीस आणि खुर्चीच्या कडेवर बसलीस, कुणी उठवलं तर पटकन उठता यावं अशी. सर म्हणतात, "बसा मावशी, निवांत बसा." मी नवा लेयर घेते, गोल ब्रश घेते, लाल रंग घेते. तू नाक मुरडतेस. "ह्ये तर मिरचीवानी हाय. जरा काळपट घ्या." सर रंग गडद करतात. तुझ्या तव्याचे चटके बसलेल्या हाताखाली माऊस आहे आणि तो बाण काही केल्या जाग्यावर थांबत नाही. पहिली टिचकी दादांच्या हनुवटीवर पडते. "आगं बया!" तू जीभ चावतेस. मी दोन बटणं दाबते, डाग गेला. तू माझ्याकडे बघतेस. "पुसलं? आसं समदं पुसता येतं व्हय?" सर म्हणतात, "येतं मावशी." "लई ब्येस हाय तुमचं," तू म्हणतेस आणि पुन्हा माऊस धरतेस. दुसऱ्या वेळी मी तुझ्या हातावर माझा हात ठेवायला जाते तर तू तो झटकतेस. बाण गोंदणाच्या वर येतो आणि तू टिचकी मारतेस. बंद्या रुपयाएवढं कुंकू, अगदी मधोमध. तुझा हात हळूच तुझ्या स्वतःच्या कपाळाकडे जातो आणि तिथून पदर सारखा करून खाली येतो. सर खिडकीबाहेर बघायला लागतात. तू म्हणतेस, "आता झाक त्ये. कुनी यील."

सरांनी चकचकीत कागदावर प्रिंट काढून दिली आणि मला एका सीडीवर फाईल. "लेयर वेगळाच ठेवलाय. एकत्र करू नको. आईच्या हातचा हाय," ते म्हणाले. पुढच्या शनिवारी तू त्यांच्यासाठी भाकरी-पिठल्याचा डबा दिलास, तो त्यांनी लॅबमध्येच बसून खाल्ला, जिथे पाणी प्यायलाही बंदी होती. फोटो तू ट्रंकेत तळाशी ठेवलास. मी म्हटलं, भिंतीवर लावू. तू दटावलंस. "गप ऱ्हा. भावजींनी बघितलं तर म्हनतील, म्हातारपनी हिला थेरं सुचत्यात." काका तसे वाईट नव्हते, पण घरात त्यांचा शब्द चाले आणि त्यांच्या गप्प बसण्याचीही आपल्याला भीती वाटे. कधी ते गावाला गेले की तू ट्रंक उघडायचीस. मी पाठ करून भांडी घासत बसायचे.

त्यानंतर पाच वर्षांनी तू गेलीस. चपात्या लाटता लाटता छातीत कळ आली आणि मेसमध्येच बसलीस ती उठली नाहीस. दहाव्याचा बोर्ड करायला घरात दुसरं कोण होतं? दुकानात बसून मी ती सीडी घातली. तुझा चेहरा नीट दिसेल असा तोच एक फोटो होता. दादांना बाजूला केलं. आभाळ ठेवलं. मग लेयरची यादी बघितली. त्यात सगळ्यात वर तुझा लेयर होता आणि शेजारी तो बारीक डोळा. मी त्यावर टिचकी मारली. कुंकू गेलं. मी मनाशी म्हटलं, पुसलेलं नाही, नुसतं झाकलंय. बोर्ड रिह्याच्या फाट्यावर लागला. येणाऱ्या-जाणाऱ्या अख्ख्या गावाने तुला मोकळ्या कपाळाने बघितलं, आणि नंतर तोच फोटो फ्रेम होऊन भिंतीवर गेला. तो अजून तिथेच आहे.

लाईट आली बघ आत्ता. मशीनने आवाज केला. ही पानं मी तुझ्या ट्रंकेत त्या फोटोखाली ठेवणार आहे, दुसरीकडे कुठे पाठवायची? पण लिहिलंय तेवढंच वाच म्हणायचीस ना, म्हणून एक राहिलेलं लिहिते. कपाळ मोकळं का, असं त्या फोटोचं माहीत असलेल्या मेसच्या बायकांपैकी ज्यांनी ज्यांनी मला विचारलं त्या सगळ्यांना मी हेच सांगत आले की काकांनी काढायला लावलं. काकाही आता गेले, त्यामुळे खोटं ठरवणारं कुणी उरलं नाही. काकांनी काही सांगितलं नव्हतं, आई. बोर्ड छापायच्या आधी ते दुकानात बघायला आले, चष्मा पुसून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "वयनीला कुंकू व्हतं की त्या फोटूत. ट्रंकंतल्या." मी म्हटलं, "गावात चालणार नाही ना, म्हणून काढलं." त्यांनी चष्मा खिशात ठेवला. मग म्हणाले, "बरं. तू शिकलेली हायेस," आणि चपला घालून निघून गेले. तेव्हाही लेयरच्या डोळ्यावर परत एक टिचकी मारायची होती, एवढंच. मी छापायचं बटण दाबलं.