उष्ण कोण, थंड कोण

सोम., ६ ऑक्टो.
काव्हेची आई इराणमधल्या इस्फहानहून आलीये, परी खानूम. जेवायला गेले तर आधी माझा हात धरला, मनगटाची कातडी चिमटीत घेऊन पाहिली. झोप कशी, स्वप्नं कसली पडतात, सगळं काव्हेमार्फत विचारलं. निकाल: मी सफरावी, म्हणजे आपल्याकडची पित्ताची. उष्ण, कोरडी. पटकन तापणारी, पटकन ठरवणारी. आणि त्यांचा लेक बलगमी, म्हणजे कफाचा. थंड, ओलसर, उशिरा हलणारा. काव्हे खो-खो हसला. मला नाही हसू आलं. शुक्रवारी ऑफिसला सांगायचंय, पुण्याला परत जाणार की इथे इंग्लंडात, ब्रॅकनेललाच राहणार. राहायचं ते याच्यासाठी. लग्नाचं विचारलं की हा गप्प. याला बलगम म्हणायचं की नकार?

बुध., ८
एकाच टेबलावर दोन मेनू. त्याला आलं-दालचिनी, खजूर, केशर. मला काकडी-दही आणि मध-व्हिनेगर-पुदिन्याचं सरबत. इतक्या मायेनं वाढतात, नाही म्हणवत नाही.
आईला फोन केला. (तिच्या लेखी काव्हे अजून 'ऑफिसातला मित्र'.) दही ऐकून ओरडलीच. "अगं, दही उष्ण! पित्ताची तू, ताक पी. आणि डोकं शांत ठेव जरा."
दही नक्की काय मग? दोघी आपापल्या जागी ठाम. तापट मी, यावर मात्र दोघींचं एकमत. वा!

गुरु., ९
सुपरमार्केटच्या कार पार्कात भांडण. मी म्हटलं, उद्या उत्तर द्यायचंय, निदान हो-नाही तरी सांग. तर म्हणे, "आई म्हणते तुला थोडं गार होऊ द्यावं." डोक्यात तिडीक गेली. मी चिडले तर पित्त, हा गप्प तर कफ. मग आम्ही दोघं कुठे आहोत यात?
पण समजा खरंच पित्तच असलं तर... घरी येऊन सरबत प्यायले. वर ताक. काही कळेनासं झालंय.

शुक्र., १०
मॅनेजरकडे सोमवारपर्यंत मुदत मागितली. मिळाली. भांडायचं ठरवून काव्हेकडे गेले, पण जमलंच नाही.

रवि., १२
काव्हे आंघोळीला गेला तेव्हा परी खानूम फोनवर टाइप करून भाषांतर दाखवायला लागल्या. "याचे वडील असेच होते. मी जन्मभर आलं किसलं."
मी विचारलं, मग? झाला का फरक?
माझा गाल थोपटला आणि काकडी सोलायला घेतली.

सोम., १३
सकाळी ऑफिसच्या दारात काव्हे. लालबुंद, धापा टाकत. "जाऊ नकोस. लग्न करू. याच वर्षी."
एक शर्ट निवडायला अर्धा दिवस घेणारा माणूस! किती वाट पाहिली होती याची. नाचायला हवं होतं मी. तर आत सगळं गार. हा बोलतोय की केशर बोलतंय? आणि माझं काय झालंय?
"राग आलाय का?" त्यानं विचारलं. नाही आलेला, खरंच. रडू मात्र येत होतं.
म्हटलं, मला थोडा वेळ दे.
त्याचा चेहरा एकदम सैल झाला. "घे ना. हवा तेवढा घे."
इतका खूश दिसला की मीच वळून आत निघून गेले.
पाचपर्यंत मॅनेजरला कळवायचंय. मेल उघडून बसलेय, अजून एक ओळही लिहून झालेली नाही.