खुंटीवरचा पॉवर सप्लाय

प्रिय बारक्या,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून छातीत धस्स झालं असेल, म्हणून पहिलं वाक्य हेच लिहितो: आई ठणठणीत आहे. गुडघे कुरकुरतात, पण तिच्याइतके नाही. कालच तिनं मला, अठ्ठेचाळीस वर्षांच्या घोड्याला, ओल्या डोक्यानं पंख्याखाली बसलो म्हणून झापलं. तुझी वहिनीही बरी आहे. तेव्हा तशी काळजीची बातमी नाही. बातमी आहे ती माझी आहे आणि ती फोनवर सांगता येण्यासारखी नाही. माझा फोन आला की तू ‘कसा आहेस, बरा आहे’ एवढं उरकून तो बायकोच्या हातात देतोस, मग ती बिचारी आणि मी ऊनपावसावर बोलत बसतो. म्हणून पत्र. फाडायचं असेल तर फाड, पण आधी शेवटपर्यंत वाच.

दुकान जिथल्या तिथं आहे. तू लावलेली फळी अजून तिरकीच आहे, मी तिला सरळ करायचं दरवर्षी ठरवतो. हल्ली लोक मोबाइल घेऊन येतात, मोठे संगणक कमी झाले. तरी आठवड्याला चार-पाच येतातच, कुठल्या कचेरीतला, कुठल्या छापखान्यातला. तक्रार बहुतेकांची एकच. बटण दाबलं की पंखा फिरतो, दिवा लागतो आणि पडद्यावर काळोख. नाहीतर चालू होतो, दहा सेकंदांत आपला आपणच बंद पडतो, पुन्हा चालू होतो. मालक माणूस समोर उभा राहून सांगत असतो की कालपर्यंत छान चालत होता हो. जणू काही आजपर्यंत एखादा बिघडलेला संगणक आदल्या दिवशी वाईट चालत होता!

मी अजून बाबांच्याच पद्धतीनं जातो. आधी सगळं सोडवायचं. डिस्क काढायची, कार्डं काढायची, मेमरीची पट्टी काढून तिचे पितळी दात खोडरबरनं पुसायचे. मग एकेक वस्तू परत लावत जायचं, एका वेळी एकच, आणि प्रत्येक वेळी बटण दाबून बघायचं. आणि संशय वीज पुरवणाऱ्या डब्यावर, म्हणजे सप्लायवर आला, तर भिंतीवरच्या खुंटीचा काढायचा आणि तो लावून बघायचा. खुंटीवर काय टांगायचं याबद्दल बाबा किती कडक होते, आठवतं ना? रेडिओच्या जमान्यापासून त्या खुंटीवर हमखास चांगली, तपासलेली, शंभर नंबरी वस्तू. तिच्यावर बाबा लाल रंगाचा ठिपका द्यायचे. दुनियेवर संशय घ्या, म्हणायचे, ठिपक्यावर घेऊ नका, नाहीतर कुठूनच सुरुवात करता येणार नाही. पण त्यांचा दुसरा नियमही होता. खुंटीवरची वस्तू एकदा जरी उघडली, तरी ती खुंटीवरून उतरली. मग ती कितीही छान दुरुस्त होवो. तिचा ठिपका खरवडायचा आणि ती विकाऊ मालात जायची. हा दुसरा नियम तू लक्षात ठेव, पुढे लागेल.

आता बाईंच्या दिवसाकडे येतो. नऊ वर्षांत आपण दोघं त्या दिवसाबद्दल एक अक्षर बोललो नाही. आपल्याला चौथीत शिकवणाऱ्या बाई, ज्या निवृत्त झाल्यावर गावातल्या एकेका रस्त्यावरच्या झाडांची नोंद करत फिरायच्या. कुठलं झाड, कुणाच्या दारात, पानं कधी गळली, पालवी कधी फुटली. अकरा वर्षांचं काम, सगळं त्या एका संगणकात, आणि दुसरीकडे कुठंही उतरवून ठेवलेलं नाही. संगणक चालू होईना म्हणून त्या रिक्षात मांडीवर घेऊन आल्या होत्या. मी बाहेर कामाला निघालो होतो, जाताना तुला म्हणालो, बाईंचं आहे, नीट बघ. तू नीटच बघितलंस. पट्टी पुसलीस, पडदा उजळला, पण मधेच मान टाकत होता म्हणून खुंटीवरचा सप्लाय लावलास आणि डिस्क जोडलीस. मी परत आलो तेव्हा दुकानात जळका वास होता, बाई खुर्चीत ताठ बसल्या होत्या आणि तुझा चेहरा पांढराफटक पडला होता. डिस्कची खालची पट्टी काळी ठिक्कर. मोठ्या शहरात धाडली, तिथूनही हात हलवत परत आली. अकरा वर्षं गेली ती गेलीच.

मी तेव्हा काय केलं? सप्लायला मीटर लावला, त्यानं बारा व्होल्टच्या जागी बरोबर बारा आणि पाचच्या जागी पाच दाखवले, आणि माझा निकाल तयार झाला. त्या जुन्या डिस्कांचा चार पिनांचा जोड जोर लावला तर उलटाही बसायचा आणि उलटा बसला की डिस्क जळायची. म्हणजे बारक्यानं उलटा ठोकला. तू म्हणालास, सुलटाच लावला होता. दोनदा म्हणालास. मग हळूच म्हणालास, दादा, एकदा तो गरम झाल्यावर मोज ना, वीस मिनिटं चालू ठेव आणि मग मोज. एवढंच मागितलं होतंस. आणि मी बाई आणि आणखी तीन गिऱ्हाइकांसमोर जे तोंड सोडलं ते इथं लिहवत नाही. राग माझ्या नाकावर असतो हे सगळं गाव जाणतं, पण तो निव्वळ राग नव्हता. ते का, ते पुढे सांगतो. महिनाभरानं तू बायकोला घेऊन गाव सोडलंस. सुरुवातीला मला वाटलं, चार दिवस रुसेल आणि येईल. मग आई म्हणाली की तू गोदामात खोकी मोजायचं काम धरलंस. बाबांच्या हाताखाली बाराव्या वर्षी रेडिओ उघडणारा पोरगा खोकी मोजतोय, हे ऐकून मला वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगतो, तेव्हा मनात आलं की बरं झालं, त्याला झेपत नव्हतंच.

मग एक दिवस ग्रंथालयातला संगणक आला. तोच रोग, चालू, बंद, चालू, बंद. मी खुंटीवरचा लावला, सोबत माझीच एक भंगार डिस्क जोडली, आणि तेवढ्यात मीटर बघायला वीज खात्याचा माणूस आला. तो बोलघेवडा. त्याच्या मुलीच्या लग्नापासून त्याच्या साहेबाच्या मूळव्याधीपर्यंत सगळं मी फुटपाथवर उभा राहून ऐकलं. आत आलो आणि दारातच थबकलो. तोच वास, बारक्या. नाक विसरत नाही. भंगार डिस्क जळालेली, ग्रंथालयाचं नशिबानं काही गेलं नाही. मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं, सप्लायला नुसता एक जुना दिवा जोडून ठेवला, आणि मीटर हातात धरून स्टुलावर बसलो. पाच मिनिटं बारा. दहा मिनिटं बारा. सोळाव्या मिनिटाला साडेबारा, मग तेरा, मग एकदम पंधरा-सोळा. बंद केला, थंड होऊ दिला, पुन्हा बारा. तू जे म्हणाला होतास ते अक्षरशः तसंच. तुला वाटेल, मग मधल्या वर्षांत तो कसा सापडला नाही? माझ्या घाईमुळे. मी तो लावतो, दोन मिनिटांत पंखा फिरला की काढतो आणि खुंटीवर टाकतो. तू शांतपणे अर्धा-अर्धा तास बघत बसायचास, म्हणून त्यानं तुलाच धरलं. चांगल्या कारागिरालाच दगा देईल अशी ती खोट होती.

आता ते न सांगितलेलं. मी तो डबा उघडला. आत एका कपॅसिटरचं सोल्डर तडकलेलं होतं, थंड असताना चिकटून राहायचं आणि तापलं की सुटायचं. ते सोल्डर कुणाचं, हे मला भिंग न लावता कळलं. जाड, गाठीसारखं, कडेला ओघळलेलं. बाबा ज्याच्यावरून मला आयुष्यभर बोलले ते. बाई आल्या त्याच्या आठ दिवस आधी खुंटीवरचा सप्लाय गुणगुणायला लागला होता. तू त्या दिवशी नव्हतास. मी तो उघडला, तीन कपॅसिटर बदलले, पुन्हा बंद केला, आणि ठिपका न खरवडता खुंटीवर टांगला. नवा आणायला बाजारात जायचा कंटाळा, दुसरं काही नाही. कुणाला सांगितलं नाही, कारण बाबांचा नियम मोडला हे तू तोंडावर म्हणाला असतास. आणि बाईंच्या दिवशी तू गरम करून मोज म्हणालास ना, तेव्हा ते तीन कपॅसिटर मला आठवले होते. लख्ख आठवले होते. म्हणून तर मी इतका मोठ्यानं ओरडलो. शंका माझ्या डोक्यात होती आणि खापर तुझ्या डोक्यावर फोडलं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

परवा बाईंकडे गेलो. आता त्या पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहतात, कानाला यंत्र आहे, पण नजर अजून चौथीच्या वर्गातली. दारात चपला काढतानाच बोलून टाकलं, नाहीतर चहा पिऊन परत आलो असतो. त्यांनी सगळं ऐकलं. मला वाटलं, आता अकरा वर्षांवरून बोलतील. ते नावही काढलं नाही. म्हणाल्या, तुझ्या भावानं गाव सोडायच्या आधी माझ्या दारात उभं राहून माफी मागितली होती, तीन वेळा आला होता, आणि तिन्ही वेळा मी आत घेतलं नाही. हे मला माहीत नव्हतं. तू न केलेल्या चुकीची माफी मागायला तीनदा गेलास आणि घरी येऊन चकार शब्द काढला नाहीस. बाई रडल्या. मी त्यांना रडताना कधी बघितलं नव्हतं, कुठं बघावं तेच कळेना. मग त्यांनी डोळे पुसून विचारलं, हे तुला कळलं कधी? मी चपला घातल्या आणि आलो.

ते उत्तर तुला देतो, त्यासाठीच इतकी पानं खर्ची घातली. कळून आठ महिने झाले. आठ महिने मी तो डबा टेबलाच्या खणात ठेवून, कुलूप लावून, रोज दुकान उघडलं. म्हटलं, नऊ वर्षांनी उकरून काय मिळणार, तो त्याच्या संसारात सुखी आहे. आणि तसंच चाललं असतं, मी काही मोठा साधू नाही. पण गेल्या रविवारी तुझी बायको आणि तुमची चिमणी आईला भेटायला आल्या होत्या. तू नेहमीप्रमाणे आला नव्हतास. चिमणीची ती चावीची बदकं थांबली होती, चालेनात. तुझी वहिनी सहज म्हणाली, घरी जाऊन बाबांना दाखव, ते मिनिटात करतील. तर पोर मान हलवत म्हणाली, नको काकू, बाबा अशा वस्तूंना शिवत नाहीत, बाबांच्या हातात गेलं की बिघडतं, बाबाच सांगतात. अगदी शांतपणे म्हणाली, जसं कुणी सांगावं की बाबांना चष्मा आहे. सहा वर्षांची पोर. ते वाक्य माझं आहे, बारक्या. त्या दिवशी दुकानात चार माणसांसमोर मी ते तुला फेकून मारलं आणि तू ते खरं मानून घरी नेलंस, नऊ वर्षं सांभाळलंस आणि आता लेकीच्या हातात दिलंस. म्हणूनच परवा बाईंकडे गेलो. तू मला माफ कर असं मी म्हणत नाही, तो तुझा प्रश्न आहे आणि तुला घाई नको. मला फक्त एवढंच हवंय की येत्या रविवारी सकाळी चिमणीला घरी ठेव. मी पहिल्या गाडीनं येतोय. तुझ्याशी नंतर बोलेन, बोलू दिलंस तर. आधी तिला समोर बसवून, तुझ्यादेखत, तिला कळेल अशा भाषेत सांगणार आहे की ते काकाच्या हातून बिघडलं होतं, काकाला ते तेव्हाच वाटलं होतं, आणि काका खोटं बोलला.

तुझाच,
दादा